"प्रश्न उद्भवत नाही" : आमदार-खासदारांचे लेखी प्रश्न आणि आपण नाशिककर

गोदाकाठ (धागाकर्ती)

मंडळी, समोर प्रश्नोत्तरांच्या छापील यादीतलं एक पान पडलंय आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय आज झोप लागणार नाही.

आमच्या सोसायटीच्या मागून एक नाला जातो आणि पुढे गोदावरीला मिळतो. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर त्यातून वाहतं ते मैलापाणी. फोटो झाले, अर्ज झाले, निवेदनं झाली. शेवटी आम्ही सात-आठ शेजारी आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो आणि हा विषय विधानसभेत प्रश्न म्हणून विचारा, अशी विनंती केली. तिथल्या स्वीय सहायकांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, मसुदा तुम्हीच लिहून आणा, आम्ही पाठवतो." मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

मी लिहिलेलं पहिलं कलम असं होतं : "नाशिक शहरातील सर्व सांडपाणी कोणतीही प्रक्रिया न करता गोदावरी नदीत सोडण्यात येत आहे, हे खरे आहे काय ?" त्याखाली नेहमीच्या साच्यातली कलमं. असल्यास, याची कारणे काय आहेत. असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत.

उत्तर आलं : "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

एवढंच. वर्षभराची धडपड आणि दोन ओळी.

पहिल्यांदा मी ते पान रागाने बाजूला टाकलं. रात्री परत घेतलं आणि माझंच वाक्य वाचलं. "सर्व." शहरात तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर इथे सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. त्यामुळे सर्व सांडपाणी प्रक्रियेविना सोडलं जात नाही, आणि माझ्या वाक्याला "हे खरे नाही" हे उत्तर बरोबरच आहे. पुढची तिन्ही कलमं मी "असल्यास", "नसल्यास" म्हणून त्या एका कलमाच्या खुंटीला टांगली होती. खुंटी निघाली, सगळं खाली आलं. नाल्यातलं पाणी मात्र आजही तसंच वाहतंय.

मुलांच्या निबंधात "सर्व" आणि "कधीच नाही" हे शब्द मी तीस वर्षं लाल शाईने खोडले. तेच माझ्याकडून झालं याचं फार वाईट वाटतं. त्याहून वाईट हे की आपल्याला मिळालेलं एवढं मोठं साधन कसं वापरायचं, हे कुणी शिकवतच नाही.

हा विषय आत्ताच का, तेही सांगते. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकांचा कारभार होता. जवळजवळ चार वर्षं महासभेत उभं राहून विचारणारा एकही नगरसेवक नव्हता. त्या काळात शहराच्या कारभाराबद्दल निवडून आलेल्या माणसाने लेखी विचारायचं आणि सरकारने लेखी सांगायचं, अशी जागा विधानमंडळ आणि संसद एवढीच उरली होती. आता नगरसेवक आलेत, पण सिंहस्थही दारात आहे. मोठमोठी कामं निघालीत. ती झाल्यावर विचारण्यापेक्षा चालू असताना विचारलं पाहिजे.

ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला हा प्रश्न पुन्हा पाठवायचा आहे.

रविवार_कारंजा

ताई, तुमची कळकळ पोचली. पण मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. या वाटेवर माझा विश्वास उरलेला नाही. दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कुणाच्या कार्यालयात जाऊन बसावं लागत नाही. शिवाय प्रश्न कोण विचारतं, कशासाठी विचारतं, हेही बघा. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना संसदेतून काढावं लागलं होतं. ज्या साधनाची अशी विक्री होऊ शकते त्यावर सामान्य माणसाने किती आशा ठेवायची? नदीसाठी काही मिळालं असेल तर ते कोर्टातून मिळालं.

कॉलेजरोड_विधी

रविवार_कारंजा काका, मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. माहिती अधिकाराबद्दल थोडं लिहितो.

त्या अर्जावर तुम्हाला दप्तरात असलेला कागद मिळतो. "का केलं नाही", "कधी करणार", "धोरण काय आहे" असं विचारलं की जन माहिती अधिकारी म्हणतात, हे कायद्यातल्या 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही. लेखी प्रश्नात नेमकं तेच विचारता येतं आणि मंत्र्याच्या नावाने उत्तर येतं. खात्याचा कारकून आणि खात्याचा मंत्री यांच्या सहीत फरक आहेच ना.

दुसरं असं. २००५ च्या कायद्यात कलम ८(१)(ञ) खाली एक सुंदर वाक्य होतं : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे नागरिकाची पायरी आमदाराच्या बरोबरीची केली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे कलम बदललं आणि ते वाक्य गेलं. वैयक्तिक माहितीच्या नावाखाली अर्ज फेटाळणं आता सोपं झालंय. अशा वेळी सभागृहातल्या प्रश्नाचं मोल कमी झालं की वाढलं? मला तर वाढलेलं दिसतं.

आणि काका, २००५ चं उदाहरण मी उलट बाजूने वाचतो. प्रश्नाला किंमत होती म्हणूनच कुणीतरी तो विकत घेत होतं. त्याच्या कितीतरी आधी, १९५७ मध्ये, आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांचं प्रकरण लोकसभेतल्या प्रश्नातूनच बाहेर आलं. फिरोज गांधींनी ते लावून धरलं, न्या. छागलांची चौकशी बसली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. सत्तारूढ पक्षाच्याच खासदाराने आपल्याच अर्थमंत्र्याला विचारलेले प्रश्न होते ते.

हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. कायदेमंडळात प्रश्न विचारण्याची परवानगी १८९२ च्या कायद्याने आली, तीही आधी सूचना देऊन, आणि उत्तरावर पुढे काही विचारायची सोय नव्हती. उपप्रश्न १९०९ ला आला.

पंचवटी_एक्स्प्रेस

गोदाकाठ ताई, मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुमच्यासारख्या प्रश्नांची उत्तरं लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो, जरा लांबेल.

सदस्याने दिलेली सूचना विधानमंडळ सचिवालयात तपासली जाते. स्वीकृत झाली की संबंधित विभागाकडे येते आणि विभागातून त्या विषयाच्या कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या टेबलाकडे. पण कार्यासनाकडे ती माहिती नसते. मुंबईत बसून तुमचा नाला कसा दिसणार? मग पत्र सुटतं, वर लाल शाईत "विधानसभा प्रश्न, अत्यंत तातडीचे". ते पत्र आयुक्त, जिल्हाधिकारी, तिथून खाली उपअभियंता, शाखा अभियंता असं उतरतं. म्हणजे उत्तराचा कच्चा मजकूर बहुतेक वेळा तोच माणूस लिहितो ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे. आणि तो मजकूर वर चढताना पायरीपायरीवर एकेक शब्द मऊ होतो. "काम बंद आहे" असं निघालेलं वाक्य मंत्र्यांपुढे जाईपर्यंत "काम प्रगतीपथावर असून" झालेलं मी स्वतः पाहिलंय. त्यात माझाही हात लागलाय, हे आज कबूल करतो.

आता ऐका, कोणता प्रश्न आला की आमच्या पोटात गोळा यायचा. ज्यात कठोर शब्द असत तो नाही. "भ्रष्टाचार", "दुर्लक्ष", "हेतुपुरस्सर" असे शब्द असले की उलट बरं वाटायचं, कारण "हे खरे नाही" लिहून मोकळं होता येई. धडकी भरायची ती आकडा, दिनांक आणि पत्रक्रमांक मागणाऱ्या प्रश्नांची. कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी आदेश, कोणत्या तारखेला दिला? किती पदं मंजूर, किती भरलेली? नमुने किती तपासले? तिथे शब्द मऊ करायला जागाच नसते. चुकीचा आकडा सभागृहात गेला आणि सदस्याच्या हातात खरा कागद निघाला तर हक्कभंगाची सूचना येते. त्या धास्तीने आम्ही रात्री अकराला शाखा अभियंत्याला फोन करून आकडा पुन्हा विचारायचो.

"हे खरे नाही" आणि "हे खरे आहे" यांच्या मधलं एक उत्तर असतं : "हे अंशतः खरे आहे." ताई, तुम्हाला ते मिळवायचंय. अंशतः म्हटलं की कोणता अंश, हे पुढे लिहावंच लागतं. तुमच्या वाक्यात "सर्व" ऐवजी "काही नाल्यांमधील सांडपाणी" असतं तर "हे खरे नाही" लिहायची माझी हिंमत झाली नसती.

तारांकित आणि अतारांकित यांबद्दल लोकांचे फार गैरसमज असतात. तारांकित म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर आणि त्यावर उपप्रश्न. मंत्र्यांसाठी त्याची जाडजूड पूरक टिप्पणी तयार करावी लागते, कारण कोण काय विचारेल सांगता येत नाही. अतारांकित म्हणजे फक्त लेखी. दिल्लीत लोकसभेच्या यादीवर रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित असतात. त्या वीसांपैकी तासाभरात प्रत्यक्ष पुकारले जातात जेमतेम चार-पाच. उरलेल्यांना लेखीच उत्तर मिळतं. त्यामुळे आपला प्रश्न अतारांकित झाला म्हणून हळहळू नका. टीव्हीवर दिसत नाही, पण तो सरकारचा कागद आहे. पाच वर्षांनी कोर्टात तोच कामाला येतो. रविवार_कारंजा, तुम्ही म्हणता ती कोर्टाची वाट आणि ही वाट पुढे एकमेकींना मिळतात.

रविवार_कारंजा

साहेब, तुमच्या पोस्टमधलं "त्यात माझाही हात लागलाय" हे वाक्य वाचून थांबलो. असं कुणी लिहीत नाही. माझं म्हणणं मी पूर्ण मागे घेत नाही, पण कोर्टात हे कागद लागतात हे खरं. ऐकतो आहे, पुढचं लिहा.

निफाडकर

राम राम मंडळी. नदीचं चाललंय, पण मी कांद्याचं सांगतो, कारण प्रश्न कुणाला विचारायचा इथंच आमचं घोडं अडतं.

आमच्याकडं कुणालाही विचारा, कांद्याचा मंत्री कोण? म्हणतील, कृषिमंत्री. मीबी तेच समजायचो. पण निर्यातबंदीची अधिसूचना काढतं विदेश व्यापार महासंचालनालय, ते वाणिज्य मंत्रालयाचं. निर्यातशुल्क लावतं अर्थ मंत्रालय. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून राखीव साठ्याची खरेदी होते ती ग्राहक व्यवहार विभागाच्या अखत्यारीत. बाजार समिती राज्याच्या पणन विभागाखाली. पेरलं किती ते फक्त कृषी खात्याकडं. एकाच कांद्याला पाच दारं. चुकीच्या दारावर प्रश्न टाकला की उत्तर येतं, ही बाब या मंत्रालयाशी संबंधित नाही. अधिवेशन संपतं, कांदा सडतो.

तारखा बघा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. आणि ८ डिसेंबरला थेट बंदी. लासलगाव, पिंपळगावला लिलाव बंद पडले, आम्ही मुंबई-आग्रा रस्त्यावर बसलो. तेव्हा मला कुणीतरी म्हणालं, दिल्लीत अधिवेशन चालू आहे, खासदारांना प्रश्न टाकायला सांगा. चौकशी केली तर कळलं की लोकसभेत प्रश्नाला पंधरा दिवसांची सूचना लागते. अधिवेशन ४ डिसेंबरला सुरू झालं आणि २१ ला संपलं. आठ तारखेला बंदी आली तर पंधरा दिवस मोजून बघा. ज्या अधिवेशनात बंदी आली त्या अधिवेशनात त्या बंदीवर नेहमीच्या पद्धतीनं प्रश्न येणंच शक्य नव्हतं! अल्पसूचना प्रश्न असतो म्हणे, पण त्याला मंत्र्यांची तयारी लागते. बंदी उठली ४ मे २०२४ ला, टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर आमचे दोन हंगाम गेले.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरली. निर्णय झाल्यावर विचारून उशीर होतो. आधीच विचारून ठेवायचं. राखीव साठ्यासाठी त्या २०२३-२४ मध्ये तीन लाखांवरून पाच लाख टनांचं लक्ष्य केलं होतं. मला विचारायचंय की त्यातला कांदा कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या दिवशी, कोणत्या दरानं घेतला आणि किती शेतकऱ्यांच्या खात्यावर थेट पैसे गेले. माझा स्वतःचा कांदा एका खरेदी केंद्रावरनं परत आला. प्रत कमी आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी तोच कांदा व्यापाऱ्याला दिला. तो पुढं कुठं गेला हे मी सांगू शकत नाही. म्हणूनच तारीखवार आकडे पाहिजेत.

पंचवटी_एक्स्प्रेस

निफाडकर, तुमचा प्रश्न फार चांगला आहे. तो ग्राहक व्यवहारकडे टाका आणि शुल्काचा वेगळा अर्थ मंत्रालयाकडे. एकात दोन कोंबू नका. लोकसभेत दीडशे शब्दांची मर्यादा आहे, शिवाय मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, हेही खासदारांच्या सहायकाला माहीत असतं.

अजून एक. जो विषय मुख्यतः राज्याचा आहे तो संसदेत स्वीकारला जात नाही. न्यायप्रविष्ट बाब, मत विचारणं, "जर असं झालं तर" असलं काल्पनिक विचारणं, टोमणा मारणं, हेही बाद. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याच्या किंवा ओझरच्या विमान कारखान्याच्या गोपनीय बाबींवर तर उत्तर मिळणारच नाही. पण तिथल्या रिक्त पदांबद्दल, कंत्राटी कामगारांबद्दल अवश्य विचारता येतं.

ओझर निघालं म्हणून आठवलं. १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि पुढच्याच वर्षी ओझरला मिगचा कारखाना आला. तेव्हा आपला खासदार उत्तरं देणाऱ्यांच्या बाकावर होता. त्याआधी १९५७ ला इथूनच दादासाहेब गायकवाड निवडून गेले होते, भूमिहीनांसाठी भांडणारे. नाशिकने दोन्ही बाकांवरची माणसं पाठवलीत.

मनमाडची_लेक

आमच्याकडे नळाला पाणी पंधरा-वीस दिवसांनी यायचं, हे मी लहानपणापासून पाहिलं. वागदर्डी धरण आटलं की टँकर. करंजवण योजनेचं नाव तर किती वर्षं ऐकतोय. माझे वडील दर निवडणुकीत एकच विचारत, "पाणी कधी?" आणि प्रत्येक जण "लवकरच" म्हणे. वरचं सगळं वाचून वाटलं, वडिलांनी "पाणी कधी" ऐवजी "कोणत्या तारखेला कोणतं काम" असं विचारायला हवं होतं. पण ते कोणी त्यांना सांगितलंच नाही. गोदाकाठ ताई, हा धागा काढल्याबद्दल मनापासून आभार.

सुरगाण्याचा_मास्तर

मी आश्रमशाळेत शिकवतो. नाव आणि शाळा लिहीत नाही, समजून घ्या.

आमच्या खात्याचं आयुक्तालय नाशकात आहे, प्रकल्प कार्यालयं नाशिक आणि कळवणला. तरी शाळेत गणिताचा शिक्षक नाही ही गोष्ट तिथपर्यंत पोचायला एक अख्खं वर्ष जातं. एकदा एका सदस्याने जिल्ह्यातल्या आश्रमशाळांबद्दल प्रश्न विचारला. तो खाली उतरत आमच्यापर्यंत आला तेव्हा पहिली चौकशी काय झाली असेल? बाहेर माहिती कुणी दिली. मुलींच्या न्हाणीघराला दार नाही हे खरं की खोटं, हे दुसऱ्या दिवशी विचारलं गेलं. पण दार बसलं. आठवड्यात बसलं. मी उत्तर पाहिलं नाही, मी दार पाहिलं. म्हणून मी रविवार_कारंजा काकांना सांगेन, लेखी प्रश्नाचा परिणाम कधी कधी उत्तर छापून यायच्या आधीच होतो. पत्र खाली येताना वाटेत बरीच माणसं जागी होतात.

तेवढ्यासाठी एक विनंती आहे. मसुद्यात एकाच शाळेचं नाव घालू नका, माहिती देणारा लगेच उघडा पडतो. "प्रकल्प कार्यालयनिहाय मंजूर व रिक्त पदे" असं विचारा. सगळ्यांचीच माहिती येते आणि कुणा एकावर बोट येत नाही.

आश्वासनाबद्दलही बोलायचंय. ६ मार्च २०१८ ला आम्ही नाशिकहून चालत निघालो, १२ ला आझाद मैदानावर पोचलो. वनहक्काच्या पट्ट्यांसाठी. माझी आई त्या मोर्चात होती, तळपायाची सालं निघालेली. सरकारने लेखी आश्वासन दिलं तेव्हा ती रडली. २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा निघावं लागलं, २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा. मैदानावर दिलेल्या कागदाचा पाठपुरावा कोण करतं? सभागृहात मंत्र्याने "कार्यवाही करण्यात येईल" म्हटलं तर त्याचं पुढे काय होतं? साहेब, हे सांगा.

पंचवटी_एक्स्प्रेस

मास्तर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

सभागृहात मंत्री "तपासून कार्यवाही करू", "एका महिन्यात चौकशी पूर्ण करू" असं म्हणाले की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समितीकडे जातं. संसदेतही अशी समिती आहे, तिथे तीन महिन्यांत पूर्तता अपेक्षित असते, झाली नाही तर मुदतवाढ मागावी लागते. मुदतवाढी भरपूर मागितल्या जातात, हे मान्य. पण विषय वहीतून पुसला जात नाही. मैदानावर दिलेल्या कागदाला ही सोय नसते. म्हणून मैदानात मिळालेलं आश्वासन कुणीतरी सदस्याने प्रश्न विचारून सभागृहाच्या दप्तरात आणायचं असतं : "दिनांक अमुक रोजी दिलेल्या लेखी आश्वासनातील किती दावे निकाली निघाले, किती प्रलंबित आहेत?" मग ते सभागृहाचं होतं.

आणि सगळ्यांनाच सांगतो, उत्तर आलं की ते वाचून परत सदस्याकडे जा. बहुतेक लोक उत्तरानंतर थांबतात. अपुरं वाटलं तर अर्धा तास चर्चा मागता येते, तातडीचं असेल तर लक्षवेधी लावता येते. सदस्याला शंभर विषय असतात, तुमचं उत्तर त्याच्यासाठी वाचणारं माणूस तुम्हीच.

गोदाकाठ (धागाकर्ती)

तुम्हा सगळ्यांचं वाचून दोन दिवस बसले आणि मसुदा नव्याने लिहिला. पहिल्या कलमात सरकारच्याच कागदातली गोष्ट घेतली, म्हणजे "हे खरे नाही" म्हणता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. आपल्या सोमेश्वरपासून खालची गोदावरी त्यात होती.

"(१) केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सन २०१८ मधील प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत गोदावरी नदीच्या नाशिक येथील सोमेश्वरपासून पुढील पट्ट्याचा समावेश आहे, हे खरे आहे काय,

(२) नाशिक शहरातील सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची केंद्रनिहाय क्षमता किती आहे व गेल्या वर्षभरात महिनानिहाय किती सांडपाण्यावर प्रत्यक्ष प्रक्रिया झाली,

(३) या केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने किती नमुने तपासले व त्यांपैकी किती नमुने बीओडीच्या (पाण्यातील सेंद्रिय प्रदूषणाच्या मापाच्या) विहित निकषात बसले नाहीत,

(४) नासर्डी व वाघाडीसह गोदावरीस मिळणाऱ्या कोणकोणत्या नाल्यांमधील सांडपाणी अद्याप मलवाहिकांकडे वळविण्यात आलेले नाही व त्या कामांचे कार्यादेश कोणत्या दिनांकास देण्यात आले ?"

"असल्यास" एकदाही आलेलं नाही, बघा. माझ्या नाल्याचं नावही मुद्दाम घातलं नाही. चौथ्या कलमाच्या उत्तरात तो यायलाच हवा.

पंचवटी_एक्स्प्रेस

छान. दोन जागा दुरुस्त करा. "गेल्या वर्षभरात" म्हणजे कोणतं वर्ष, हे उत्तर लिहिणारा स्वतःच्या सोयीने ठरवेल. "दिनांक १ एप्रिल, २०२५ ते ३१ मार्च, २०२६ या कालावधीत" असं लिहा आणि पुढे "दशलक्ष लिटर" टाका, नाहीतर टक्केवारी येईल. दुसरी जागा चौथ्या कलमात. तुम्ही कार्यादेश दिले असं गृहीत धरलंय. दिलेच नसतील तर? पुन्हा "प्रश्न उद्भवत नाही". "कार्यादेश देण्यात आले असल्यास त्यांचे दिनांक व देण्यात आले नसल्यास प्रत्येक कामाची सद्यःस्थिती काय आहे" असं करा. दोन्ही दारं बंद.

निफाडकर

ताई, शहराचं झालं. ते पाणी आमच्याकडं येतं. सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकून पात्र हिरवंगार होतं, खाली नांदूरमधमेश्वर आहे. २०२० ला रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत जाहीर झालेलं, त्या यादीतलं राज्यातलं पहिलं पाणथळ. तुमच्या प्रश्नात हे घुसडू नका, साहेब म्हणाले तसं एकात दोन नको. मी आमच्या तालुक्याकडून वेगळा टाकतो : पाणवेली काढायला कोणत्या खात्यानं किती वेळा, किती खर्च केला. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचू.

रविवार_कारंजा

त्याच कालावधीचे नमुना तपासणीचे अहवाल मी माहिती अधिकारात मागवतो. सातपूरला प्रदूषण मंडळाचं कार्यालय माझ्या वाटेवरच आहे. तिसऱ्या कलमाचं उत्तर आलं की आकडे जुळतात का ते पाहता येईल.

गोदाकाठ (धागाकर्ती)

दोन्ही दुरुस्त्या केल्या. "दशलक्ष लिटर" घातलं. सोमवारी सकाळी अकराला संपर्क कार्यालयात देणार आहे. पोच घेईन आणि त्यावरचा आवक क्रमांक इथे लिहीन. ज्यांना यायचंय त्यांनी साडेदहाला पंचवटी कारंजावर भेटा. माझ्याकडे मसुद्याच्या पाच प्रती असतील, एक आपल्या नव्या नगरसेवकांसाठी.

सुरगाण्याचा_मास्तर

सोमवारी शाळा आहे, येता येणार नाही. पदांच्या प्रश्नाचा मसुदा आज रात्री लिहून इथे टाकतो. ताई, खोडायचं ते लाल शाईनेच खोडा.